दोर कोणी सोडला

‘वायूचा लोट सुटताच बोटीच्या सारंगाने जिवाच्या भीतीने दोर कापला आणि माझ्या वडिलांना समुद्रातल्या त्या लोखंडी सांगाड्यावर एकटे टाकून तो पळाला. एका गरीब ढिवराचा जीव त्याला दोराच्या तुकड्याइतकाही मोलाचा वाटला नाही.’

ही दोन वाक्ये माझ्या पुतण्याची आहेत. प्रकाश सिंदेवाहीला महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीने यंदा जी स्मरणिका काढली, तिच्यात त्याने आपल्या वडिलांवर, म्हणजे माझ्या थोरल्या भावावर, रुषीवर, लेख लिहिला आहे. वाक्ये नेटकी आहेत हे मला मान्य आहे. दोराच्या तुकड्याची ती तुलना वाचून सोसायटीच्या अध्यक्षांना रडू आले असे ऐकतो. अध्यक्षांना रडू लवकर येते. पण त्या दोन वाक्यांतले एवढेच खरे आहे की आम्ही गरीब होतो आणि ढिवर होतो. बाकीचे खोटे आहे. ते खोटे आहे हे ठाऊक असूनही मी प्रकाशसमोर इतकी वर्षे तोंड उघडले नाही, त्याचे कारण त्याची आई, माझी पार्वता वहिनी. ती गेल्या फाल्गुनात गेली. आता मी बोलायला मोकळा आहे.

या प्रसंगाच्या आणखीही दोन कथा फिरत असतात. समुद्रातल्या त्या तेलाच्या कामावर साहेब असलेले एक गृहस्थ निवृत्तीनंतर नागपुरात राहतात आणि रुषीने सांगाडा सोडण्याचा हुकूम सुटण्याआधीच घाबरून पाण्यात उडी टाकली असे सांगतात. आमच्या बसथांब्यावरच्या चहाच्या टपरीत तिसरी कथा आहे. तिच्याप्रमाणे रुषी पोहत अरबस्तानात पोचला आणि तिथे त्याने दुसरा संसार मांडला. या तिसऱ्या कथेला मी एकदाच उत्तर दिले आणि त्या उत्तरात सांगणाऱ्याची कपबशी फुटली. या तिघांपैकी कोणीही तो क्षण पाहिलेला नाही. मीही पाहिलेला नाही. हे मी आधीच नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी मोठा शोध लावल्याच्या थाटात ते माझ्या तोंडावर फेकणार नाही. मी त्या बोटीत होतो, परंतु माझे डोळे बंद होते.

आमचे घर मूलहून सिंदेवाहीकडे जाताना लागणाऱ्या एका तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, होते. वर पाणी आणि खाली आम्ही, अशी रचना असल्यामुळे मागची भिंत उन्हाळ्यातसुद्धा गार असे आणि पावसाळ्यात चुलीमागच्या कोपऱ्यात बेडूक मुक्कामाला येत. अंगणात बांबूच्या आडव्यांवर जाळी वाळत. वारा आला की त्यांची शिशाची वजने एकमेकांवर आपटून जो किणकिणाट होई, तो ऐकल्याशिवाय मला लहानपणी झोप लागत नसे. अजूनही नीट लागत नाही, म्हणून मी रात्रभर कूस बदलत असतो असे घरचे म्हणतात. माय खापरावर सुके झिंगे भाजायला घेई, तेव्हा तो वास पाळीच्या टोकापर्यंत जाई आणि रस्त्याने शाळेला निघालेली शेतकऱ्यांची पोरे नाक दाबत. मी त्यांच्याशी मारामारी करी. रुषी करत नसे. ‘नाक त्याईचं आहे, दाबून राह्यले तं दाबू दे,’ असे म्हणून तो पुढे चालू लागे. दोन्ही वेळा भात. त्यावर लाखोळीच्या डाळीचे पातळ वरण, नाही तर मासोळीचा रस्सा, नाही तर अंबाडीची भाजी. विकायचा मासा मोठा आणि खायचा मासा लहान हा घरचा कायदा होता. मरळ आमच्या हातातून पुष्कळ गेली, ताटात मात्र सणालाच आली.

बाबांचे नाव कवडू. ते थोडे बोलत आणि जे बोलत ते बहुधा पाण्याविषयी असे. जाळे ओढायच्या दिवशी घरातला मोठा दोर निघे. त्याच्या एका टोकाला विणून केलेला फास होता. हा फास काठावरच्या खुंटाला अडकवायचा आणि दुसऱ्या काठावरच्या मंडळींनी जाळे ओढत न्यायचे. खुंटाजवळ एक माणूस उभा राही. पलीकडून आरोळी आली की दोराला ढील पडण्याची वाट पाहायची, फास उचलून खुंटावरून काढायचा, आणि दोर पाण्यात सोडण्यापूर्वी आपल्या कमरेच्या दुपट्ट्याची चिंधी फाडून त्या फासाचे तोंड बांधून टाकायचे. दोन वेढे घ्यायचे आणि शेवट आत खोचायचा. कारण आमच्या तळ्याच्या पोटात अर्जुनाच्या झाडांची जुनी खुंटे होती, आणि उघड्या तोंडाचा फास तळाशी घसटत गेला की नेमका एखाद्या खुंटाच्या गळ्यात पडे. काम दिसायला सोपे होते, म्हणून ते कोणालाही देत नसत.

एके वर्षी ते मला दिले. पलीकडून आरोळी आली, मी फास काढला, दोर सोडला, आणि अर्ध्या तळ्यात तो अडकला. जाळ्याला खोळ पडली आणि वरच्या काठावरून मासे उड्या मारून जाऊ लागले. मी फासाचे तोंड बांधले नव्हते असे बाबा शेवटपर्यंत म्हणत. मी बांधले होते, ते सुटले. हा वाद बाबांबरोबरच गेला, पण माझ्या बाजूने तो अजून मिटलेला नाही. मासे जाताना पाहून मी कमरेचा विळा काढला आणि दोर कापायला पाण्यात शिरलो. बाबांनी मागून येऊन माझ्या कानाखाली अशी दिली की विळा कुठे पडला ते कळले नाही.

‘पान्यातल्या दोराले लोखंड लावते?’ ते म्हणाले. ‘सोडाले येत नसंन तं धराचाच नाई.’

रुषी पाण्यात उतरला. पुनःपुन्हा बुडी मारून, दर वेळी अधिक गढूळ होऊन तो वर येई, श्वास घेई आणि पुन्हा जाई. शेवटी वर आला तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होते आणि तो फास त्याने गळ्यात घातला होता. काठावर येऊन तो त्याने माझ्या गळ्यात टाकला. ‘घे वासू, तुह्या घाईचा हार.’ सगळी पाळ हसली. मी चार दिवस त्याच्याशी बोललो नाही.

समुद्र आमच्या घरात जंगलातून आला. चंद्रपूरच्या रानात जमिनीखाली कोळसा कुठे आहे ते पाहण्यासाठी भोके पाडत हिंडणारे एक यंत्र होते, त्यावर आम्ही दोघे मजुरीला होतो. सागाच्या रानात तंबू, लोखंडी नळ्या एकमेकींना जोडून जमिनीत सोडायच्या, वर येणारा चिखल पाहायचा. तिथला मिस्त्री पुढे मुंबईच्या समुद्रातल्या तेलाच्या कामावर गेला आणि त्याने आम्हाला निरोप धाडला. त्याचा एकच प्रश्न होता: पोहता येते का. बाबांना तो लागला. ‘ढिवराले पोहता येते का म्हनून पुसते? शेतकऱ्याले जेवता येते का म्हनून पुसंन का तो?’ रुषीचे लग्न होऊन दोन वर्षे झाली होती आणि प्रकाश नुकता भिंत धरून उभा राहू लागला होता. वहिनी पोहे कांडत होती. मुसळ न थांबवता ती म्हणाली, ‘ज्या पान्याले पाळ नाई, त्या पान्यात कायले जाता?’ रुषी म्हणाला, ‘आम्ही पान्यात नाई जात, पान्याच्या वर राहतो.’ वहिनी म्हणाली, ‘वरचा मानूस खालीच पडते.’ हे दोघांचे नेहमीचे बोलणे होते. त्यात कोणी रागावलेले नसे.

तेलाचे ते काम म्हणजे खोल समुद्रात चार पायांवर उभा असलेला लोखंडी सांगाडा. वर यंत्र, झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, आणि आमच्या रानातल्या यंत्रासारखेच नळ्या आणि चिखलाचे काम. फक्त सगळे राक्षसी आकाराचे. रानात नळीतून चिखल उसळला की आम्ही बाजूला पळत असू. इथे बाजू नव्हती, हे मला पहिल्याच दिवशी जाणवले आणि तेव्हापासून मी तिथे कधी स्वस्थ बसलो नाही. सांगाड्याच्या एका पायाला, पाण्यालगत, लोखंडी जाळीचा ओटा होता. भाजीपाला, पाण्याची पिंपे आणि माणसे आणणारी एक लहान बोट या ओट्याला लागे. तिचा मुख्य, म्हणजे सारंग, इब्राहिम नावाचा रत्नागिरीकडचा पिकल्या दाढीचा माणूस होता. बोट आली की त्याचे खलाशी मनगटाएवढ्या जाड दोराचा फास वर फेकत आणि ओट्यावर जो असेल तो तो फास लोखंडी खुंटावर चढवी. या खुंटाला वरच्या बाजूस आडवा दांडा होता, म्हणजे लाटेने बोट कितीही हिसकली तरी फास आपोआप निसटू नये. शेजारी एक लाल कुऱ्हाड टांगलेली होती. संकट आले तर शेवटच्या माणसाने कुऱ्हाडीने दोर तोडावा आणि बोटीत उडी घ्यावी, असा शिरस्ता आम्हाला पढवला होता.

ओट्यावर बहुधा रुषी असे, कारण दोराचे काम त्याला आवडे. सारंगाची आणि त्याची जोडी जमली होती. सारंग दुरूनच ओरडे, ‘ओ तळेवाले, जागे हाव काय?’ रुषी म्हणे, ‘या, खाऱ्या पान्याचे. आज वांगे तरी गोड आनले का?’ आमच्या जेवणात समुद्राचा मासा असे, आणि रुषी तो खाताना दर वेळी म्हणे की याला मीठ जास्त झाले आहे, हे ऐकून सारंगाला पोट धरून हसू येई.

पावसाळा सरत आला होता. दुपारची जेवणे चालली होती आणि पायाखालच्या लोखंडात एक गुरगुर सुरू झाली. रानात ती मी ऐकली होती. मी यंत्राकडे धावलो आणि त्याच वेळी नळीतून चिखलाचा फवारा उसळून माझ्या तोंडावर आला. त्या चिखलात औषधे असत. डोळ्यांत निखारे भरल्यासारखे झाले आणि त्यानंतर बरेच दिवस मी काही पाहिले नाही. चिखलामागून वायू आला. त्याचा आवाज असा होता की शेजारचा माणूस ओरडतो आहे हे त्याचा श्वास कानाला लागला म्हणूनच कळे. रुषीने मला शोधून काढले, माझी मूठ आपल्या कमरेच्या दुपट्ट्यात खोचली आणि मला शिडीवरून खाली उतरवू लागला. वर अनेकजण जीव वाचवायच्या मोठ्या होड्यांकडे गेले आणि सुटले. आमच्या बाजूचे अडकले, ते सर्व या ओट्यावर जमले.

आता पुढचे लक्ष देऊन वाचावे. वायूने सगळी हवा भरली होती. इंजिनाची एक ठिणगी पुरे होती. जवळपासच्या बोटी दूर उभ्या राहिल्या आणि त्यांनी तसे उभे राहणे शहाणपणाचेच होते. इब्राहिम सारंग आत आला. ज्या माणसाला प्रकाश भित्रा म्हणतो, तो त्या हवेत इंजिन चालू ठेवून ओट्याला बोट लावून उभा राहिला, आणि मावतील त्याहून अधिक माणसे चढेपर्यंत राहिला. बोटीच्या मागच्या भागावर माणसांचा ढीग झाला. बोटीवरचे दोराचे टोक त्या ढिगाखाली गेले. तिथे हात पोचणे शक्य नव्हते, मग सुरी कोठून पोचणार? दोर सोडायचा तर ओट्यावरूनच. रुषीने मला उचलून बोटीत टाकले. माझ्या हाताला दोर लागला, तो ताणून लोखंडासारखा झाला होता. मी तो चाचपू लागलो असेन. रुषी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘खाली बस वासू. दोराले हात नको लावू.’

त्याचे शेवटचे वाक्य हेच. त्यात भीती नव्हती; किंचित चेष्टाच होती.

मग बराच वेळ काही झाले नाही. बराच म्हणजे किती, ते मी सांगणार नाही, कारण डोळे नसलेल्या माणसाला वेळ मोजता येत नाही. मग बोटीचा हिसका थांबला आणि ती मोकळी झाल्याचे मला अंगाने कळले. थोडे पुढे गेलो आणि वायूने पेट घेतला. ती धग माझ्या डाव्या गालावर आली. आणि मग, प्रकाश, ती उजव्या गालावर आली, आणि वाढली. ज्याला भूमितीही येत नाही त्यालासुद्धा कळावे की याचा अर्थ बोट उलट वळली आणि आगीकडे गेली. जळलेल्या केसांचा वास आला. सारंग वरून ओरडत होता, ‘तळेवाले, ओ तळेवाले.’ त्यानंतर धग पुन्हा डाव्या गालावर आली आणि हळूहळू कमी होत गेली. पळणारा माणूस दोन्ही गाल भाजू देत नाही.

पुढे मोठी जहाजे आली, हेलिकॉप्टरे आली, त्यांनी पाण्यातली आणि वरची पुष्कळ माणसे काढली. त्यांचा गौरव झाला तो योग्यच झाला. रुषी सापडला नाही. लहान बोटीचे नाव कोणी घेतले नाही. घेतले ते एवढ्यासाठी, की वरून कोणीतरी ओट्यावर एक माणूस उभा असताना बोट निघालेली पाहिली होती, आणि चौकशीत सारंगाने दोर कापला असे ठरून गेले.

मी डोळ्यांवर पट्टी बांधून घरी आलो. आठवडाभर पाळीवर बायका आल्या आणि रडून गेल्या. मी जे घडले ते सांगत होतो आणि कोणी ऐकत नव्हते. ‘त्यानं याले वाचवलं, हा तं त्याचंच म्हननार,’ असे माझ्या पाठीमागे म्हणत, आणि पट्टी असली तरी मला कान होते. वहिनीने एकदाही विचारले नाही. ती सारंगाला शाप देई. सकाळी उठल्यावर, चूल पेटवताना, दुसरे कोणी चुलीशी बोलावे तसे.

धान कापून खळ्यावर आले होते आणि माझे डोळे उघडले होते, तेव्हा इब्राहिम सारंग आमच्या गावी आला. तो मूलच्या बाजाराच्या दिवशी एस.टी.तून उतरला, खांद्यावर गोणपाटाचे मोठे पोते घेऊन. पोत्याच्या तोंडातून जाड दोर दिसत होता. बाजारात चार जणांनी त्याला भाव विचारला. एकाने तर हात घालून पीळ पाहिला आणि ‘बैलाले लय होईन, तरी देतो कितीले?’ असे म्हटले. सारंग प्रत्येकाला सांगत होता, ‘इकायचा नाय. समुद्रात गेलेल्या ढिवराचं घर खंय?’ शेवटी आमच्या गावचा एकजण त्याला सायकलवर घेऊन आला आणि अंगणात उतरवून काय होते ते पाहायला तिथेच थांबला.

मी त्याला आवाजावरून ओळखले. तोंड मी प्रथमच नीट पाहत होतो; दाढी एका बाजूला जळून तुटकी उगवली होती. वहिनी ओट्यावर पोहे कांडत होती. तो कोण ते कळले तेव्हा मुसळ क्षणभर वर थांबले आणि पुन्हा पडू लागले, आधीपेक्षा जोरात. तो बोलत असताना ते एकदाही थांबले नाही, आणि त्याला प्रत्येक वाक्य दोन घावांच्या मधल्या जागेत बसवावे लागत होते.

‘बाबा, मी काय दोर कापला नाय,’ तो म्हणाला. ‘चौकशीत दोर दाखवला. म्हणाले, दोर काय, कुठलाबी आणशील. आमच्या खाडीत पोरं मला दोरकाप्या म्हणतात. म्हणूदेत. पण ज्याचा पोरगा गेला त्यानं एकदा बघावं, म्हणून आणला.’

‘जेवला का?’ बाबांनी विचारले.

तो नाही म्हणाला. माय आतून म्हणाली, ‘समुद्रातले लोक तळ्याची मासोळी खातेत का म्हना, चिखलाचा वास येते म्हनतेत.’ सारंग म्हणाला, ‘तुमच्या पोरानं लय वर्णन केलंय, माय. वास आला तरी खातो.’ आतून चुलीवर भांडे चढल्याचा आवाज आला.

प्रकाश, तू त्या वेळी त्या पोत्यावर चढून बसला होतास. तुला उचलून बाजूला ठेवल्याशिवाय ते उघडता येईना, आणि तू सोडायला तयार नव्हतास. बाबांनी तुला माझ्या मांडीवर दिले आणि दोर बाहेर ओढायला सुरुवात केली. ते डोळ्यांनी पाहत नव्हते. सुताच्या पिळावरून बोट फिरवत हातभर, हातभर पुढे सरकत होते. खारे पाणी आणि तेल यांनी दोर काळा झाला होता. बोटीवरचे टोक आधी आले, ते जसे असायला हवे तसे गुंफलेले होते. मधे कुठे धारेची खूण नव्हती. मग पोत्याच्या तळातून ते दुसरे टोक निघाले, समुद्रातल्या ओट्यावरच्या खुंटावर होते ते. फास अख्खा होता. दोर बोटीवरून कापला असता तर तो फास तिकडेच, त्या जळत्या लोखंडावर राहिला असता. एवढे साऱ्या अंगणाला कळले. सायकलवाल्यालाही कळले, आणि तो म्हणाला, ‘मंग आपोआप निसटला असंन.’ प्रकाश, तू आज हेच म्हणतोस. मागच्या आठवड्यात मी तुला फासाचे सांगितले तेव्हा तू म्हणालास, ‘काका, हिसक्यानं निघाला असेल. त्यातनं सारंग सुटत नाही, तो थांबला नाही एवढं खरंच.’ खुंटाला आडवा दांडा होता हे मी वर लिहिले आहे.

पण बाबा सायकलवाल्याचे ऐकत नव्हते. फासापाशी येऊन त्यांची बोटे थांबली होती. त्यांनी तो मांडीवर घेतला, मला खूण केली, आणि मी वाकून पाहिले. सारंग हळू म्हणाला, ‘ते आम्ही नाय केलं, बाबा. आमच्यात असं कुणी करत नाय. असाच वर आला. मी कुणाला उघडू दिलं नाय.’

बाबांनी वहिनीला हाक मारली. ‘बाई, एकदा येऊन पाहून घे.’

मुसळ थांबले. वहिनी उठली नाही. तिने उखळात हात घालून पोहे वरखाली केले आणि उखळाकडे पाहतच म्हणाली, ‘पाहीन तं मानावं लागंन, मामाजी.’

मी तिला सांगणार होतो. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. सारंगाला मायने मरळीचा रस्सा वाढला, सण नसताना. तो मान खाली घालून जेवला आणि दोनदा भात मागितला. जाताना तो दोर ठेवून जाऊ लागला, तर बाबांनी स्वतः वेटोळे करून पोत्यात भरला. ‘तुले तिकडे लागंन,’ ते म्हणाले, ‘पोराईले दाखवाले.’ पाळीच्या वळणापर्यंत ते त्याला पोचवायला गेले. दोघे वाटेत काय बोलले ते मला ठाऊक नाही. परत आल्यावर मला म्हणाले, ‘तिच्या जिवात जीव आहे तोवर तू बोलाचं नाई. कोनी सोडून गेला म्हनून रडता येते. ज्यानं आपल्या हातानं सोडलं त्याच्यावर ती कशी रडंन? तिले तसंच राहू दे.’

मी शब्द दिला आणि पाळला. कपबशी फुटली ती टपरीत, वहिनीसमोर नव्हे. चाळीस वर्षे घरात तिच्यासमोर सारंगाला शिव्या पडत राहिल्या, तू त्या ऐकत मोठा झालास, आणि मी दर वेळी उठून पाळीवर जाऊन येरझाऱ्या घालत राहिलो. लोक मला तापट म्हणतात. मी काय गिळून बसलो होतो ते त्यांना ठाऊक नव्हते. इब्राहिम सारंग बाबांनंतर काही वर्षांनी वारला असे त्याच्या गावच्या एका खलाशाकडून कळले. तो दोर आता कुठे आहे, मला माहीत नाही. तेव्हा पुरावा दाखवा म्हणशील, तर तो माझ्याजवळ नाही. माझे डोळे आहेत. समुद्रात ते मिटलेले होते. आमच्या अंगणात, भर दुपारी, ते उघडे होते.

सर्व जाणत्यांनी विचार करावा. कुऱ्हाड हाताशी होती. एक घाव आणि एक उडी, एवढेच काम होते. पढवलेही तसेच होते. तसे केले असते तर तुझा बाप घरी आला असता. त्याने कुऱ्हाड घेतली नाही, पाण्यातल्या दोराला लोखंड लावले नाही. त्याने दोराला ढील पडण्याची वाट पाहिली, फास उचलला, आणि मग आणखी थांबला. नागपूरचे साहेब म्हणतात तो घाबरून उडी टाकणारा, किंवा तू म्हणतोस तो टाकून दिलेला, जे पुढे केले गेले ते करीत बसत नाही. आणि समुद्रावर कोणाला ते करायचे माहीतही नव्हते. बाबांच्या मांडीवर तो फास पडला होता. त्याच्याभोवती लाल चौकड्यांच्या दुपट्ट्याची चिंधी होती, दोन वेढे, शेवट आत खोचलेला. फासाचे तोंड बांधलेले होते.